पावसाळा लागला की मुलीचा खोकला वाढतो: होमिओपॅथीने शरीराची ‘संवेदनशीलता’ खरोखर कमी होते का?

सिंहगडरोडवासी

नमस्कार. प्रश्न थोडा लांबला आहे, पण तपशील गाळले तर उत्तरेही मोघम येतील, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यातली भाड्याची जागा सोडून सिंहगड रस्त्याला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावरच्या सदनिकेत राहायला आलो. मुलगी दहा वर्षांची आहे. पेठेत असताना तिला सर्दी-पडसे चारचौघांच्या मुलांइतकेच होत असे. इथे मृगाचा पहिला पाऊस पडला आणि आठवड्याभरात शिंका सुरू झाल्या. आषाढ लागेपर्यंत रात्री दीड-दोनच्या सुमारास खोकल्याची उबळ येऊन ती उठून बसू लागली. छातीतून बारीक शिटीसारखा आवाज येतो. दिवसा शाळेत मात्र ती बरीच ठीक असते. दिवाळीच्या आसपास सगळे आपोआप शांत झाले आणि यंदा जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बालरोगतज्ज्ञांनी बालदम्याचे निदान केले आणि रोज सकाळ-संध्याकाळ स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घ्यायचा पंप तीन महिन्यांसाठी लिहून दिला. सासूबाईंना पंप म्हणजे जन्माची सवय वाटते. त्यांच्या तीस वर्षांच्या विश्वासातल्या एक होमिओपॅथी डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे त्या आम्हाला घेऊन गेल्या. त्या बाईंनी तब्बल दीड तास प्रश्न विचारले. खोकला नेमका किती वाजता येतो, समुद्रकाठी गेल्यावर बरे वाटते का, विजा कडाडल्या की ही घाबरते का, पांघरूण अंगावर ठेवते की पायाने झुगारते, आंबट आवडते की खारट. शेवटी म्हणाल्या की हिचे शरीर दमट हवेला अतिसंवेदनशील आहे आणि औषध ती संवेदनशीलता मुळापासून कमी करील. साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि कच्चा कांदा, कॉफी व कापूर यांपासून दूर राहायला सांगितले. पंप बंद करा असे त्या बोलल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवते; पण ‘आता मुळावर औषध चालू आहे’ म्हटल्यावर आमच्या घरात तो आपोआप बंद झाला. गेले दहा दिवस पंप ड्रॉवरमध्ये पडून आहे.

हवेला शरीर संवेदनशील असते या म्हणण्यात किती तथ्य आहे, आणि असलेच तर ती संवेदनशीलता या गोळ्यांनी कमी होते का? दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी सांगावे.

शततमान

मी स्वतः बी.एच.एम.एस. असून बावीस वर्षे पुण्यात होमिओपॅथीचा व्यवसाय करीत आहे, त्यामुळे माझी बाजू कोणती ते उघडच आहे. तरीही पहिले वाक्य असे लिहितो: ड्रॉवरमधला पंप आज रात्रीच बाहेर काढा आणि उद्या बालरोगतज्ज्ञांना फोन करून दहा दिवसांचा खंड पडल्याचे सांगा. प्रतिबंधक पंपातले औषध श्वासनलिकांची आतली सूज उतरवते, आणि ती सूज दिसत नाही म्हणून नाहीशी झाली असे होत नाही. मुलीला एक वाक्य सलग बोलता येईनासे झाले, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर कोणत्याही पॅथीच्या गोळीची वाट न पाहता तिला थेट रुग्णालयात न्यायचे असते.

आता मूळ प्रश्न. होमिओपॅथीचे प्रवर्तक हानेमान यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा मूळ ग्रंथ १८१० साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या ३१व्या सूत्रात ते म्हणतात, त्याचा आशय असा: बाहेरचे अपायकारक प्रभाव सगळ्यांना सरसकट आजारी पाडू शकत नाहीत, ज्याचे शरीर त्या क्षणी त्या प्रभावाला ग्रहणशील असते, त्यालाच ते बाधतात. आम्ही व्यवसायात ज्याला ‘ससेप्टिबिलिटी’ म्हणतो ती हीच. एकाच छताखाली चार माणसे झोपतात, ओल चौघांनाही सारखीच असते, खोकतो एकटाच. पुढे ११७व्या सूत्रात ते अशा प्रकृतींविषयी लिहितात ज्यांना इतरांना मुळीच न जाणवणाऱ्या गोष्टींनी त्रास होतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द डॉक्टर पिरके यांनी व्हिएन्नात १९०६ साली घडवला. म्हणजे शब्द जन्मण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे हे निरीक्षण लिहून ठेवलेले होते.

तुम्हाला विचारलेले प्रश्न विचित्र वाटले असतील, पण त्यांच्यामागे ठरलेली पद्धत आहे. त्रास कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, त्याला आम्ही ‘मोडॅलिटी’ म्हणतो, आणि आमच्या ग्रंथांत हवामानाच्या मोडॅलिटींची अक्षरशः रांग आहे. उन्हाच्या दिवसानंतर एकदम गारठा व ओल आली की वाढणारे दुखणे डल्कामारा या औषधाकडे बोट दाखवते. ओल्या हवेत वाढणारा दमा नॅट्रम सल्फकडे. मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास घाबरे करून उठवणारी धाप आर्सेनिककडे. विजांची भीती फॉस्फरसकडे. उलट कॉस्टिकमच्या रुग्णाला ओल्या हवेतच बरे वाटते. म्हणून तो दीड तास वाया गेला असे समजू नका.

पण त्याच ग्रंथातले ७७वे सूत्र आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो आणि दवाखाना उघडल्यावर विसरतो. दलदलीच्या भागात, तळघरात किंवा कोंदट जागेत राहून, टाळता येण्याजोग्या कारणांनी जे सततचे आजारपण माणूस ओढवून घेतो, त्याला जुनाट रोग म्हणूच नये आणि राहणी सुधारली की ते आपोआप जाते, असे हानेमान तिथे सांगतात. खोल मुरलेला जुना दोष नसेल तर, एवढी त्यांची अट आहे. ७व्या सूत्राच्या टिपेत तर ते म्हणतात की खोलीतल्या उग्र वासाच्या फुलांनी कोणी मूर्च्छित होत असेल तर वैद्याने आधी फुले बाहेर काढावीत. तुमच्या मुलीला शाळेत बरे वाटते आणि घरी रात्री त्रास होतो. अशा वेळी मी औषध निवडण्याआधी एक प्रश्न विचारला असता, जो तुमच्या वर्णनात मला दिसला नाही: तिचा पलंग कोणत्या भिंतीला लावलेला आहे आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?

जुना मास्तर

डॉक्टरमहाशयांचे शेवटचे वाक्य मला फार आवडले. त्याच्या आधीच्या काही वाक्यांशी मात्र माझे भांडण आहे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा मला गोळीत काय आहे ते मोजण्याची खोड आहे.

होमिओपॅथीत औषध पायरीपायरीने विरल करतात. शंभर भागांत एक भाग मिसळणे ही एक पायरी आणि अशा तीस पायऱ्या म्हणजे ३० पोटन्सी. पुणेकरांना कळेल असा हिशेब मांडतो. खडकवासला धरण भरले की त्यात जवळजवळ २ टीएमसी, म्हणजे साधारण ५,६०० कोटी लिटर उपयुक्त साठा होतो. त्यात औषधाचा एक थेंब टाकून सगळे धरण ढवळले, तर जे पाणी मिळेल ते सातव्या आणि आठव्या पोटन्सीच्या मध्ये कुठेतरी बसते. बाराव्या पायरीच्या आसपास ॲव्होगाड्रो संख्येची मर्यादा ओलांडली जाते, म्हणजे मूळ पदार्थाचा एखादा तरी रेणू उरला असण्याची शक्यता संपत येते. तिसाव्या पायरीला एकावर साठ शून्ये इतके विरलीकरण झालेले असते आणि पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या पाण्यातले रेणू मोजले तरी एकावर सेहेचाळीस-सत्तेचाळीस शून्यांपुढे संख्या जात नाही. म्हणून औषध चालते की नाही हे तत्त्वज्ञानाने ठरत नाही, रुग्णांवर पाहून ठरवावे लागते.

आणि ते पाहिलेले आहे. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये रायली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. परागकणांच्या सर्दीचे १४४ रुग्ण होते. काहींना गवताच्या परागांची ३० पोटन्सी दिली, काहींना नुसत्या गोळ्या, आणि पोटन्सीवाल्यांची लक्षणे अधिक उतरली. होमिओपॅथीची मंडळी हा प्रयोग आवर्जून सांगतात आणि सांगावाच. परंतु हाच विचार २००२ मध्ये ल्यूइथ आणि सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांवर तपासला, तेव्हा फुफ्फुसांच्या कामात आणि एकंदर जीवनमानात खऱ्या व खोट्या गोळ्यांमध्ये सरस-नीरस काही ठरले नाही. तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेला आहे.

ताईंनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांनीच लिहिले आहे की गेल्या वर्षी दिवाळीला सगळे आपोआप शांत झाले. श्रावणात, त्रास अगदी टोकाला असताना, जे काही सुरू कराल, मग ती गोळी असो, काढा असो की अंगारा, दसऱ्यापर्यंत त्याला गुण आलेलाच दिसेल. ऋतू आपले काम करतो आणि श्रेय बाटलीला जाते.

अवांतर: संवेदनशीलतेचा विषय निघाला आहे तर चार्ल्स ब्लॅकली यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. मँचेस्टरचे हे गृहस्थ व्यवसायाने होमिओपॅथ होते आणि स्वतःला उन्हाळी सर्दीने बेजार झालेले होते. त्यांनी स्वतःच्या हाताची कातडी खरवडून तिच्यावर पराग चोळले आणि उठलेली गांध पाहिली. चिकट लेप दिलेल्या काचा उघड्यावर ठेवून त्यांवर रोज किती पराग पडतात ते मोजले. उंचावरच्या हवेत काय आहे ते पाहायला अशा काचा पतंगाला बांधून वर सोडल्या. १८७३ साली त्यांचे पुस्तक आले आणि या सर्दीचे कारण पराग आहेत हे प्रस्थापित झाले. आज ॲलर्जीच्या दवाखान्यात हातावर थेंब टाकून सुई टोचतात, त्या चाचणीचे मूळ तिथे आहे. एका होमिओपॅथाने वैद्यकाला दिलेली ही फार मोठी देणगी आहे, आणि ती त्याने गोळीतून दिलेली नाही, पतंग उडवून दिली.

शततमान

मास्तरसाहेब, ब्लॅकलींबद्दल धन्यवाद. मात्र एक हरकत नोंदवतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही प्रयोगांत ज्याची ॲलर्जी तेच विरल करून सर्वांना दिले होते. ती आयसोपॅथी झाली. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र प्रकृती पाहून औषध निवडणे, म्हणजे ज्यासाठी ताईंचे दीड तास गेले ते, त्यात तपासलेच गेले नाही.

जुना मास्तर

हरकत रास्त आहे आणि ती इंग्लंडमधल्या संशोधकांनीही ऐकली होती. २००३ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात व्हाइट आणि सहकाऱ्यांनी नेमका ताईंच्याच प्रश्नाचा प्रयोग प्रसिद्ध केला: दमा असलेली ९६ मुले, प्रत्येकासाठी होमिओपॅथाने स्वतंत्रपणे निवडलेले औषध किंवा तसेच दिसणारे खोटे औषध, वर्षभराचा काळ, आणि सर्वांचे नेहमीचे उपचार चालू. वर्षाअखेर खऱ्या औषधाचा वेगळा लाभ दिसला नाही. यातली एक गोष्ट मला मुद्दाम अधोरेखित करायची आहे: त्या प्रयोगातही कोणाचा पंप काढून घेतलेला नव्हता.

सासूबाईंच्या शंकेबद्दल इतकेच सांगतो की मुलांच्या प्रतिबंधक पंपातली मात्रा मायक्रोग्राममध्ये मोजतात. २०० मायक्रोग्राम म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग, आणि ती थेट श्वासमार्गात दिली जाते. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावावी. ज्यांना पंप वर्षानुवर्षे लागतो त्यांना दमा वर्षानुवर्षे असतो. पंपाने तो चिकटवलेला नसतो.

टेकडीफिरस्ता

माझा अनुभव दम्याचा नाही, कातडीचा आहे, पण ‘संवेदनशील शरीर’ हा शब्द मी तीन वर्षे ऐकला म्हणून लिहितो.

मी रोज पहाटे टेकडीवर फिरायला जातो. एका पावसाळ्यात पापण्या, मान आणि कोपराच्या आतल्या घड्या लाल होऊन खाजू लागल्या, पुढे कातडी जाड झाली. उन्हाचा त्रास असेल, रक्त बिघडले असेल, प्रकृतीच उष्ण असेल अशी निदाने झाली. मी गोळ्याही घेतल्या. त्या देणारे गृहस्थ सज्जन होते, मात्र ‘रोज सकाळी कुठून चालता’ हे त्यांनी किंवा त्यांच्या आधीच्या दोघा ॲलोपॅथी डॉक्टरांनीही विचारले नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली आणि निघाले गाजर गवत. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना ते कमरेएवढे माजलेले होते आणि पांढऱ्या फुलांचा चुरा माझ्या सदऱ्यावर रोज पडत होता.

हे गवत भारतात प्रथम लक्षात आले ते पन्नाशीच्या दशकात, आपल्या पुण्यातच. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने ही ॲलर्जी होते, आणि वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याने उडून उघड्या कातडीवर बसला तरी पुरते, उपटायला हात लावावाच लागतो असे नाही. मी वाट बदलली, पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागलो, घरी आल्याबरोबर अंघोळ करू लागलो आणि सांगितलेले मलम नेमाने लावले. शरीर आजही तितकेच संवेदनशील आहे. गेल्या भाद्रपदात मित्राच्या शेतावर अर्धा तास उभा राहिलो तर दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या.

तिसरा मजला

तुमच्या मुलीच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडते का आणि डक्टमध्ये पारवे आहेत का? पारव्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काहींच्या फुफ्फुसाला सूज येते आणि तो आजार दम्याहून वेगळा असतो. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तपासून घ्यावे एवढेच.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

पंप त्याच रात्री सुरू केला. बालरोगतज्ज्ञ रागावले, पण थोडेच. डक्टमध्ये पारवे नाहीत. पलंगाचा प्रश्न वाचल्यावर मात्र मी आणि यजमानांनी मिळून मुलीच्या खोलीतले लाकडी कपाट पुढे ओढले. ते भिंतीला टेकवून ठेवले होते आणि पलंगाची उशी त्याच्या शेजारी येत होती. मागे जमिनीपासून जवळजवळ खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत काळपट-हिरवी झाली होती, रंगाचे पोपडे हातात येत होते, गिलावा बोटाने दाबला की खाली पडत होता. कपाटाच्या पाठीच्या फळीवर बुरशी होती. खालच्या कप्प्यातल्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर पांढरा बुरा होता. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे. वरच्या मजल्यावरून येणारा पाइप सांध्यात गळत होता आणि आम्हाला वर्षभर फक्त ‘दमट वास’ येत होता, तोही आम्ही नदीच्या नावावर खपवला होता.

मुलीला दुसऱ्या खोलीत हलवले. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला; त्या बंद खोलीत तो ८६ दाखवत होता. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आम्ही तिच्याच खोलीत दोऱ्या बांधल्या होत्या, त्या काढल्या. त्वचेवरच्या चाचणीत धुळीचे किडे आणि एक बुरशी यांना स्पष्ट गांधी उठल्या. डॉक्टरांनी समजावले की हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषूनच जगतात, त्यामुळे दमट खोलीतली गादी त्यांना फार मानवते. हवा दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. पुण्याच्या श्रावणात ५० टक्के कुठून आणायचे, असे मी विचारले तर तेही हसले. गादी-उशांना घट्ट विणीच्या खोळी घातल्या आहेत, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुते, आणि ऊन पडले की सासूबाई स्वतः गाद्या गच्चीवर टाकून येतात. गेल्या पंधरा दिवसांत ती रात्री एकदाच उठली.

गोळ्या सुरू आहेत. मास्तरसाहेब रागावू नयेत; सासूबाईंनी पंपाला होकार दिला, मी गोळ्यांना दिला. मी त्या होमिओपॅथी डॉक्टरांना भिंतीचा फोटो दाखवला, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिले.

आता नवाच पेच आहे. वरच्या मजल्यावरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणते न्हाणीघरातला सांधा घरमालकाचा. शिवाय एक कंत्राटदार सांगतो की गिलावा आत्ताच विटेपर्यंत खरवडून वॉटरप्रूफिंग करून टाका, आणि दुसरा म्हणतो की आधी गळती बंद करा, भिंत दसऱ्यानंतरच्या उन्हात पूर्ण वाळू द्या, मगच हात लावा, नाहीतर ओल आतच कोंडेल. दुसऱ्याचे म्हणणे मला पटते आहे. कोणी अशी भिंत करून घेतली असेल तर वाळायला किती महिने लागले ते कृपया सांगावे.